गेटाबाहेरचा झुरळवाला

फोन माझा, नंबर माझा, दुकानाच्या पाटीवर नावही माझंच. तरी फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "बाई आहेत का?" मी म्हणतो, "मी बोलतोय ना, सांगा." मग पलीकडचा माणूस जरा घुटमळतो. "तसं नाही भाऊ, पण बाईंशीच बोललो असतो." अहो, झुरळं मारायची आहेत, पोरीची सोयरीक जुळवायची नाही! पण गिऱ्हाइकाशी भांडता येत नाही. मी फोन इंदूच्या हातात देतो आणि शेजारी बसून ऐकतो.

इंदू माझी बायको. गडचिरोलीत आमचं छोटं दुकान आहे आणि चामोर्शीपासून नागभीडपर्यंत आम्ही घराघरांतून झुरळं काढत फिरलो. 'झुरळवाल्या बाई' म्हटलं की लोकांना लगेच कळतं. 'झुरळवाला भाऊ' म्हटलं तर विचारतात, "म्हणजे बाईंचे मिस्टर ना?"

या धंद्यात मी तिच्या आधी आलो. हे मी सगळ्यांना सांगतो, कुणी न विचारता सांगतो, आणि इथे छापून येणार आहे म्हणून ठासून सांगतो. आधी मी शेतीच्या औषधांच्या दुकानात कामाला होतो. धानावरच्या तुडतुड्याचं औषध विकता विकता बायामाणसं विचारायची, घरातल्या झुरळांसाठी काही आहे का. म्हणून पाठीवर पंप बांधून मी निघालो. त्या वेळी इंदू घरी होती आणि माझ्या कपड्यांना औषधाचा वास येतो म्हणून नाक मुरडत होती. ते कपडे ती काठीनं उचलून बादलीत टाकायची.

ज्यांना या कामातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोठं तांबडं झुरळ असतं ते नालीतलं. न्हाणीच्या मोरीतून वर येतं, दिसायला भयंकर, पण एकटंदुकटं. खरा वैरी म्हणजे बारकं तपकिरी झुरळ. त्याला बहुतेक वेळा आपणच घरी आणतो, किराण्याच्या खोक्यातून, जुन्या फ्रिजमधून, पाहुण्याच्या पिशवीतून. त्याची मादी अंड्यांची पुडी अंगाला चिकटवूनच फिरते आणि अगदी अडचणीच्या जागी पिल्लं सोडते. मी आधी पंपानंच फवारायचो. फवारा बसला की समोरची झुरळं डोळ्यांदेखत उताणी पडतात, गिऱ्हाईक खूश होतं, आणि उरलेली फटीत आणखी आत जाऊन बसतात. आता जेल आलं आहे. पिचकारीतून मसुराएवढा ठिपका फटीच्या तोंडाशी ठेवायचा. झुरळ ते खातं, बिळात जाऊन मरतं, बाकीची त्याचं मढं खातात आणि तीही मरतात. ठिपका नेमका कुठे ठेवायचा, एवढीच काय ती विद्या. ती इंदूला माझ्या आधी आली. हे लिहितानासुद्धा पेन अडतं माझं.

तिला या धंद्यात मीच ओढलं. झालं असं की नागभीडजवळ एका धानवाल्या शेतकऱ्याच्या घरी मी फवारणीला गेलो. घरची बाई दारातच उभी राहिली. "भाऊ, ओसरी फवारा, न्हाणी फवारा, पण सैपाकखोलीत तुमी येऊ नका. माझ्या डब्यांले परक्या मानसाचा हात लागलेला मले चालत नाई." आता झुरळं राहतात सैपाकखोलीत आणि मी फवारतोय ओसरी! दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही तेच. घरमालक माझ्याकडे असा बघायला लागला की जणू ती झुरळं मीच पिशवीतून आणून सोडली होती.

तिसऱ्या खेपेला मी इंदूला सोबत नेलं. म्हटलं, तू फक्त आत जा, मी सांगतो तिथे औषध लाव. ती आत गेली आणि मी दारात उभा राहून सांगत बसलो, ओट्याखाली बघ, सिलिंडरच्या मागे बघ. आत माझं कोण ऐकतंय! दोघी बायांचं सुनांवर बोलणं चाललं होतं, डबे आपोआप खाली उतरत होते. थोड्या वेळानं इंदू म्हणाली, "मामी, हे कॅलेंडर जरा काढू का जी?"

चुलीशेजारच्या भिंतीला एकाच खिळ्यावर कित्येक वर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली होती. देवाचं चित्र असतं त्यावर, म्हणून कुणी फेकत नाही. नदीत सोडू म्हणतात आणि ते राहूनच जातं. नवीन वर्षी नवीन कॅलेंडर त्याच खिळ्यावर चढतं. इंदूनं ती चळत उचलली आणि भिंतीवरून झुरळं अशी सांडली की मामी किंचाळत ओसरीत आली. मी आयुष्यभर भिंतीवर कॅलेंडर बघितलं, पण त्याच्या मागे काय असेल हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. गाडीवर बसल्यावर मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "आपल्या घरी बी तसेच आहेत. तुमी कधी पाह्यले?"

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. नवरा-बायकोत कसला आलाय मत्सर, असं म्हणणाऱ्यांनी एकाच धंद्यात, एकाच गाडीवर, एकाच पिचकारीनं काम करून दाखवावं. मी जळत होतो, चांगला धूर निघेपर्यंत जळत होतो.

चामोर्शीला एक रिटायर गुरुजी होते. त्यांची तऱ्हाच वेगळी. त्यांना मुडदे पाहिजे होते. आम्ही जेल लावून आलो आणि काही दिवसांनी त्यांचा निरोप आला, एकही मेलेलं झुरळ दिसलं नाही, काम झालं कशावरून? बाजाराचा दिवस होता, गर्दीतून वाट काढत आम्ही गेलो. गुरुजी अंगणात खुर्ची टाकूनच बसले होते. मी त्यांना समजावलं की जेलचं झुरळ बिळात मरतं, ते दिसत नाही हेच काम झाल्याचं लक्षण. गुरुजी मान हलवत होते, पण आडवी. मी समजावत होतो तोवर इंदू आत गेली, फ्रिज ओढला, मागचं सगळं झाडून पेपरवर घेतलं आणि तो पेपर गुरुजींच्या पुढ्यात आणून ठेवला. "घ्या गुरुजी, पाहून घ्या."

काय तो आनंद त्या माणसाला! शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारून दाखवलं. "बाईंनी काढली, बाईंनी!" मग चहा आला. इंदूला फुलाफुलांच्या कपबशीत आणि मला स्टीलच्या गिलासात. त्या फ्रिजच्या मागे जेल मी लावलं होतं. मी, माझ्या हातानं, पाठ मोडेस्तोवर वाकून. ते मी तिथे बोललोही, पण सगळे पेपरकडे बघत होते. घरी येताना इंदू म्हणाली, "फुगा काऊन फुगवून राह्यले? चाय तर दोघांलेबी एकाच गंजात उकळला होता." तिला माझं दुखणं बरोबर कळायचं आणि त्यावर बोट ठेवल्याशिवाय राहवायचं नाही.

पण मला सांगायचं आहे ते धानोऱ्याकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. जंगलातल्या आणि तळ्याकाठच्या गावांतल्या मुली तिथे राहून शिकायच्या. तिथल्या मॅडमनी बोलावलं तेव्हा मी पंप, पिचकारी, टॉर्च, सगळा संसार गाडीला बांधून निघालो. गेटावर चौकीदारानं हात आडवा केला.

"बाई जाईन. तुमी नाई."

"अरे भाऊ, दुकान माझं आहे."

"असन. आत मानूस जात नाई. मॅडमचा नवरा येते ना, थो बी इथीच बसते." त्यानं मोहाच्या झाडाखालच्या दगडाकडे बोट दाखवलं.

म्हणजे मॅडमच्या नवऱ्याच्या दगडावर मी बसलो आणि इंदू पिचकारी घेऊन आत गेली. मी गेटातून ओरडून सांगितलं, "शेगडीच्या मागं पाहजो! दाराच्या बिजागरीत पाहजो!" ती वळूनही न बघता म्हणाली, "मालूम आहे जी." चौकीदार हसला. त्याचं हसू मला आवडलं नाही.

सैपाकघराचं काम तिनं एकटीनं केलं आणि चांगलं केलं. मॅडम तिला सोडायला गेटापर्यंत आल्या. "बाई, हात आहे हो तुमचा!" मी तिथेच उभा होतो, गाडीला पंप बांधत. मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही यांना सोडायला येता का?" यांना सोडायला! पाटीवर ज्याचं नाव आहे तो माणूस ड्रायव्हर झाला. त्या दिवशी धानोऱ्यापासून घरापर्यंत मी इंदूशी एक शब्द बोललो नाही. तिनं मात्र वाटेतल्या प्रत्येक गावाबद्दल काहीतरी सांगितलंच.

पावसाळा उतरल्यावर मॅडमचा पुन्हा फोन आला. आवाज चढलेला होता. सैपाकघर ठीक आहे, पण मुली झोपतात त्या हॉलमध्ये झुरळं झाली आहेत. एका मुलीच्या कानात झुरळ शिरलं, तिला दवाखान्यात नेऊन काढावं लागलं. मला मुलीच्या कानाचं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण आत कुठेतरी जरा गारही वाटलं. म्हटलं, चुकली ना शेवटी! आता तरी मॅडमला कळेल की या कामात जुना माणूस लागतो.

तर पुन्हा तोच दगड आणि तोच चौकीदार. इंदू आत गेली. दुपारी ती गेटापाशी आली आणि पदराआडून माझ्या हातात काहीतरी दिलं. मोहफुलाचा लाडू होता, तीळ-गूळ घातलेला.

"खा चुपचाप."

मी खाल्ला. काय चव होती! विचारलं, कुठून आणला? तिनं चौकीदाराकडे बघितलं, तो विडी पेटवत लांब गेला होता. मग हळू आवाजात म्हणाली, "पोट्ट्यांच्या पेट्यांतून."

आता मला सगळं कळलं. घरून आलेलं खायचं वसतिगृहात ठेवायला बंदी होती. आधी एकदा कुणा मुलीला घरचं शिळं काही खाऊन उलट्या झाल्या, तेव्हा मॅडमना वरून बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हापासून नियम कडक. मॅडम वाईट नव्हत्या, त्यांच्या गळ्याशी आलं होतं. पण मुलींनी लोखंडी पेट्यांमध्ये, कपड्यांच्या खाली, कागदात गुंडाळून सगळं ठेवलं होतं. लाडू, लाखोळीच्या डाळीचे वडे, गुळाचे खडे. सैपाकघरात खायला मिळेना म्हटल्यावर झुरळांनी हॉलची वाट धरली, यात नवल काय? इंदूची चूक नव्हती. तिचं काम इतकं चोख झालं होतं की झुरळं उपाशी पडून तिकडे गेली. म्हणजे त्यातही तिचीच हुशारी! मला तर तेही सहन होईना.

"मॅडमले सांगितलं?" मी विचारलं.

"काऊन सांगू?" इंदू भडकली. "एक पोट्टी आहे रंजू म्हणून. तिचा बाप तळ्यावर मासे धरते. इथलं जेवण तिच्या घशाखाली उतरत नाई. एकडाव पळून बस स्टॅण्डवर जाऊन बसली होती. आता मायनं बांधून देल्लेला लाडू रोज एक खाते, मंग दोन घास जेवते. थे लाडू फेकले का थे पोट्टी घरी गेलीच समजा. मंग कायची शाळा? तिनंच मले लाडू देल्ला, म्हणे मावशी, कोनाले सांगजो नोको."

"अन् झुरळं? पोरीच्या कानात गेलं ना!"

"थे मी पाहीन. पोट्ट्यांशी बोलून झालं माझं. घट्ट झाकनाचे डबे आनून देईन, कागदात काई ठेवाचं नाई. पेट्यांच्या बिजागरीत जेल लावून राह्यली. पलंगाच्या पाइपांत बी आहेत थे, तिथी बी लावलं." एवढं बोलून ती आत गेली. उपाय बरोबर होता. मी असतो तरी हाच केला असता, फक्त मला लाडू कुणी दिला नसता आणि म्हणून काही कळलंही नसतं.

मी हात झटकून दगडावर बसलो तोच मॅडम स्वतः गेटाशी आल्या. मागे थोड्या अंतरावर इंदू, पिचकारी हातात. हॉलच्या खिडक्यांत मुलींची तोंडं.

"भाऊ, जरा इकडे या," मॅडम म्हणाल्या. "बाई म्हणतात झुरळं पलंगाच्या पाइपांत आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. खायला असल्याशिवाय झुरळ येत नाही, बरोबर? मी म्हणते, सगळ्या मुलींच्या पेट्या अंगणात काढते आणि एकेक रिकामी करते. पण बाई म्हणतात गरज नाही. चौकीदार सांगत होता, दुकान तुमचंच आहे. तुम्ही या कामातले जुने, अनुभवी माणूस. तुम्ही सांगा. काय असेल?"

तुम्ही या कामातले जुने, अनुभवी माणूस.

हे वाक्य ऐकायला माझे कान किती वर्षं तरसले होते ते मलाच ठाऊक. नागभीडला कुणी म्हटलं नाही, चामोर्शीला म्हटलं नाही. आता इंदूच्या देखत, चौकीदाराच्या देखत, शिकलेल्या मॅडम मला विचारत होत्या. आणि मला उत्तर येत होतं! एकदम बरोबर उत्तर येत होतं. झुरळ कशाच्या वासानं येतं, पेटीच्या कोणत्या कोपऱ्यात पिल्लं सोडतं, पेट्या उन्हात किती वेळ ठेवायच्या, सगळं माझ्या जिभेवर येऊन उभं होतं. मॅडम अर्धा तास तोंडात बोट घालून ऐकत राहिल्या असत्या. पुढच्या वेळी फोन करून म्हणाल्या असत्या, भाऊ आहेत का?

मी इंदूकडे बघितलं. तिनं खूण केली नाही, डोळा मारला नाही, मानही हलवली नाही. नुसती बघत होती. एरवी माझ्या प्रत्येक वाक्यात तोंड घालणारी बाई, नेमकी तेव्हा गप्प. खिडकीतल्या मुलींपैकी रंजू कोणती, मला माहीत नव्हतं. सगळ्यांची तोंडं सारखीच उतरलेली होती.

मी म्हणालो, "मॅडम, मी बाहेर बसनारा मानूस. आतलं मले काई समजत नाई. बाई म्हनते थेच बरोबर असन."

"अहो, पण तुमचं दुकान आहे ना? काहीतरी माहीत असेल!"

"मी पंप मारतो जी फक्त. झुरळाचं समजते थे तिलेच."

मॅडमचा चेहरा पडला. एखाद्या दुकानात चांगली वस्तू समजून हात लावावा आणि ती फुटकी निघावी, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग एवढ्या लांब उगाच कशाला येता हो?" आणि इंदूकडे वळून म्हणाल्या, "ठीक आहे बाई. राहू द्या पेट्या. तुम्ही म्हणता तसं करा."

मॅडम आत गेल्या आणि खिडक्यांत एकदम कलकलाट झाला. मुली हसत होत्या, हात हलवत होत्या, "मावशी, मावशी" करत होत्या. माझ्याकडे एकीनंही बघितलं नाही. त्यांना कसं कळणार, मी काय बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की मॅडम मावशींशी बोलल्या आणि पेट्या वाचल्या. मी गाडीला किक मारत होतो आणि ती मेली चालू होत नव्हती.

वाटेत जंगल लागलं तेव्हा इंदू मागून म्हणाली, "तुमाले तर सगळं मालूम होतं जी."

"होतं."

"मंग सांगाले काय झालं होतं?"

"काई नाई. नीट बस."

ती नीट बसली. या खेपेला वाटेतल्या गावांच्या गोष्टी निघाल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात ती डबे घेऊन गेली. झुरळं हटली. कानात झुरळ शिरलेली मुलगी बरी झाली. रंजू टिकली, हळूहळू वसतिगृहाचं जेवायला लागली आणि पुढे नर्सिंगला लागली असं इंदूकडून कळलं. इंदूला त्या मुलींचे अजून फोन येतात. आता त्या सगळ्या आपापल्या वाटेला लागल्या, मॅडमचीही बदली झाली, म्हणून हे लिहायला मी मोकळा आहे. त्या वेळी नव्हतो.

कारण दुसऱ्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर मॅडमचा पुन्हा फोन आला होता. मी उचलला. "बाई आहेत का?" मी फोन इंदूला दिला. तिला कानाशी धरायचा कंटाळा, तिनं आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. मी तिथेच भाजी निवडत बसलो होतो.

"बाई, यंदाही तुम्हीच या," मॅडम म्हणत होत्या. "आणि हे बघा, तुमच्या मिस्टरांना उगाच आणू नका हो. त्यांना त्यातलं काही कळत नाही, बिचारे उन्हात बसून राहतात."

इंदूनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि ती काय बोलणार ते मला दिसत होतं. मी हातानंच नाही म्हणालो. रंजू अजून तिथेच होती, पेट्याही तिथेच होत्या.

इंदू फोनकडे वळली.

"होय जी मॅडम," ती म्हणाली. "मी एकलीच येईन."